गुणपत्रकातील बारदान

एप्रिल २०२५ च्या अखेरच्या दिवसांतील गोष्ट. मरोळ नाक्याजवळील आमच्या धान्याच्या दुकानात दुपारची वर्दळ ओसरली होती. गेली चौदा वर्षे तोलाईचे काम पाहणारे आमचे जुने सहकारी मोबाइल हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "शेठ, जरा हे बघता का? पोरीचा स्कॉलरशिपचा निकाल आलाय. मी बेरीज केली, तीनशेपैकी एकशे बेचाळीस होतात. म्हणजे सत्तेचाळीस टक्के. चाळीसला पास म्हणतात, आणि इथं तर अपात्र लिहिलंय. काही चुकलं असेल का हो?"

त्यांची मुलगी महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवीत होती. वडिलांच्या बेरजेवर शंका घेण्याचे कारण नव्हते. तरी मीही बेरीज केली. ती बरोबर निघाली. आमच्या परिसरातील समाजाच्या गुणगौरव समितीत मी काही वर्षे काम करतो. दरवर्षी शेकडो गुणपत्रके माझ्या हातांखालून जातात. असे असूनही त्या साध्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. "उद्या सांगतो," एवढेच म्हणालो. त्या 'उद्या'ला तीन आठवडे लागले. त्या काळात जे समजले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे. कारण गुणपत्रक कसे वाचावे हा प्रश्न त्या एका मुलीपुरता राहिलेला नाही.

दोन गोलांचे अंतर

ही परीक्षा पुण्यातील महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. दोन पेपर असतात, प्रत्येकी ७५ प्रश्नांचे आणि १५० गुणांचे. पहिल्यात प्रथम भाषा व गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणी. भाषेचे २५ प्रश्न, गणित आणि बुद्धिमत्तेचे प्रत्येकी ५०. प्रत्येक प्रश्नाला २ गुण. प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय असतात आणि बरोबर पर्यायाचा गोल रंगवायचा असतो. पात्र ठरण्यासाठी ४० टक्के गुण लागतात, हे खरे. परंतु ते एकूण बेरजेत नव्हे, प्रत्येक पेपरात स्वतंत्रपणे मिळवावे लागतात. म्हणजे दोन्हीकडे किमान ६० गुण हवेत.

मुलीला पहिल्या पेपरात ८६ गुण होते, दुसऱ्यात ५६. एका पेपरातील जास्तीचे २६ गुण दुसऱ्याच्या खात्यात वळते होत नाहीत. निकालात चूक नव्हती. चार गुण कमी पडले होते, म्हणजे दोन प्रश्न, दोन गोल.

नियम कळला आणि वडिलांचे समाधान झाले. "मग कमीच पडली म्हणायची," असे म्हणून ते पुन्हा काट्याकडे वळले. मला मात्र ते 'कमी पडली' रुचले नाही. विषयवार गुण मी पुन्हा पाहिले. प्रथम भाषेत ३४, गणितात ५२, इंग्रजीत ३२ आणि बुद्धिमत्ता चाचणीत शंभरपैकी २४. शेवटचा आकडा असा एकटाच खाली का गेला?

रिकाम्या पोत्याचे वजन

धान्याच्या व्यापारात पोत्यासकट तोलले की येते ते एकूण वजन. त्यातून बारदान वजा केले म्हणजे निव्वळ माल कळतो. बारदान न वजावता कोणी सौदा करीत नाही.

चार पर्यायांच्या परीक्षेलाही बारदान असते. ज्याने प्रश्न वाचलाच नाही, डोळे मिटून गोल रंगविले, त्याचेही सरासरीने चारांतील एक उत्तर बरोबर येते. पन्नास प्रश्नांत असे बारा-तेरा. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे पोते रिकामे असले तरी काटा २४ ते २६ गुण दाखवितो. मुलीला बुद्धिमत्तेत २४ गुण होते, म्हणजे बारा उत्तरे बरोबर.

वजावटीची रीत सोपी आहे. केवळ अंदाजाने उत्तरे दिली तर तीन चुकांमागे एक उत्तर नशिबाने बरोबर येते. म्हणून बरोबर उत्तरांतून चुकांचा एकतृतीयांश वजा करावा. गणितात तिचे २६ बरोबर आणि २४ चूक. २४ चा एकतृतीयांश ८, म्हणून निव्वळ १८. इंग्रजीत १६ बरोबर, ९ चूक, निव्वळ १३. बुद्धिमत्तेत १२ बरोबर, ३८ चूक. ३८ चा एकतृतीयांश बारांहून थोडा अधिकच. निव्वळ माल शून्य. परिषद असा हिशेब मांडीत नाही, तो आपण आपल्या समजुतीसाठी मांडायचा.

इथे घाईने निष्कर्ष काढणारा म्हणेल, मुलीला बुद्धीच नाही. पण गणितात आणि भाषेत जिचे पोते भरलेले आहे, तिचे बुद्धिमत्तेचे पोते अगदी रिकामे कसे? मी तिलाच विचारले. ती सहज म्हणाली, "काका, ते आकृत्यांचे आणि सांकेतिक भाषेचे प्रश्न मी पहिल्यांदाच पेपरात बघितले. मग सगळे गोल रंगवून टाकले."

उत्तर मिळाले होते. जुन्या पिढीतील वाचकांना शाळा भरण्यापूर्वीचा 'स्कॉलरशिपचा जादा तास' आठवत असेल. त्या तासाला हेच प्रश्न सोडवून घेतले जात. या मुलीच्या वाट्याला तो तास आला नव्हता. 'बुद्धिमत्ता' या रकान्यातील २४ हा आकडा तिच्या बुद्धीविषयी काही सांगत नव्हता. तो सरावाच्या अभावाविषयी सांगत होता.

आणखी एक गोष्ट. निव्वळ अंदाजाने पन्नास गोल रंगविले तर एकाचे नऊ बरोबर येतात, दुसऱ्याचे पंधरा. एवढा चढउतार नशिबाचाच असतो. याच मुलीने त्याच अज्ञानात आणखी दोन गोल योग्य जागी रंगविले असते, तर ती 'पात्र' ठरली असती आणि आम्ही सर्वांनी तिचे अभिनंदन केले असते. सीमारेषेच्या दोन गोल अलीकडे आणि दोन गोल पलीकडे असलेल्या मुलांत फारसा फरक नसतो, हे निकालाचा कागद कधीच सांगत नाही.

चार कागद, चार काटे

पुढे तिच्या शाळेतील बाईंची भेट घेतली. त्यांनी समजावून सांगितले की सरकारी आणि महापालिका शाळांतील मुलांचे मोजमाप एकाच काट्याने होत नाही. सोने तोलण्याचा काटा आणि धान्याचा काटा वेगळा, तसेच हे आहे.

पहिला काटा प्रगतिपत्रकाचा. शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१० पासून राज्यात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. वर्षभराच्या निरीक्षणाचे आकारिक गुण आणि सत्राच्या शेवटीचे संकलित गुण एकत्र करून श्रेणी दिली जाते. ९१ ते १०० टक्क्यांना अ-१, ८१ ते ९० ला अ-२, ७१ ते ८० ला ब-१, ६१ ते ७० ला ब-२, अशी उतरंड आहे. ही श्रेणी मुलाला ठरलेल्या निकषाशी ताडून पाहते; शेजारच्या मुलाशी नाही. वर्गातील सर्वांना अ-१ मिळाली तरी नियमाला बाधा येत नाही. २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षाही आहे. पाचवीला विषयाचे ५० गुण आणि उत्तीर्णतेसाठी १८, आठवीला ६० गुण आणि २१. जे अनुत्तीर्ण होतात त्यांना पुनर्परीक्षेची संधी मिळते.

दुसरा काटा शिष्यवृत्तीचा. त्याचे काम निवड करण्याचे आहे. पात्र ठरणाऱ्या सर्वांनाच शिष्यवृत्ती मिळत नाही. ती गुणवत्ता यादीतील मोजक्या मुलांना मिळते. म्हणून प्रश्न मुद्दाम कठीण ठेवलेले असतात. वर्गात ब-२ श्रेणी असलेली मुलगी येथे 'अपात्र' ठरली, तर दोन कागद परस्परांना खोटे पाडीत नाहीत. त्यांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजलेल्या असतात.

तिसरा काटा नियतकालिक मूल्यांकन चाचणीचा, ज्याला शिक्षक 'पॅट' म्हणतात. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद ही चाचणी भाषा, गणित व इंग्रजी या विषयांत घेते. वर्षाच्या आरंभी पायाभूत चाचणी, नंतर दोन संकलित चाचण्या. उत्तरपत्रिका वर्गशिक्षकच तपासतात आणि गुण ऑनलाइन भरतात. हिचा हेतू निदानाचा आहे. डॉक्टर ताप मोजतो तो औषध ठरविण्यासाठी; त्याची यादी लावून कोणी पहिला क्रमांक काढत नाही.

चौथा काटा राष्ट्रीय सर्वेक्षणाचा. ४ डिसेंबर २०२४ रोजी देशभर 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. तिसरी, सहावी आणि नववीच्या वर्गांतील २१ लाखांहून अधिक मुले, ७४ हजारांहून अधिक शाळा आणि ७८१ जिल्हे त्यात होते. त्याआधीचे असे सर्वेक्षण २०२१ च्या नोव्हेंबरात झाले होते. यात शाळा आणि मुले नमुन्यादाखल निवडलेली असतात, म्हणून कोणत्याही मुलाला व्यक्तिगत गुण कळविले जात नाहीत. अहवाल जिल्ह्याचा असतो. मरोळ ज्या मुंबई उपनगर जिल्ह्यात येते तो वांद्र्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत पसरलेला आहे. पोत्यात बांबी खुपसून काढलेल्या मूठभर दाण्यांवरून पोत्याची प्रत कळते, पण प्रत्येक दाण्याची कळत नाही. तसेच जिल्ह्याच्या सरासरीवरून आपल्या गल्लीतील शाळेविषयी मत बनविता येत नाही.

टक्के आणि पर्सेंटाइल

आपल्या घरांतून सर्वाधिक गोंधळ होतो तो टक्के आणि पर्सेंटाइल यांत. टक्के सांगतात, शंभरापैकी किती गुण मिळाले. पर्सेंटाइल सांगते, शंभर मुलांपैकी किती जणांना आपण मागे टाकले. समजा, दोन वर्गांत प्रत्येकी चाळीस मुले आहेत. एका वर्गात ६० टक्के मिळविणारा मुलगा छत्तीस जणांच्या पुढे आहे. त्याचे पर्सेंटाइल ९०. दुसऱ्या वर्गात तेवढेच ६० टक्के मिळविणारा केवळ चौघांच्या पुढे आहे. त्याचे पर्सेंटाइल १०. गुण तेच, स्थान निराळे. जेईई मेन आणि एमएचटी-सीईटीचे निकाल पर्सेंटाइलमध्ये येतात, कारण तेथे वेगवेगळ्या सत्रांत वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका असतात आणि नुसत्या गुणांची तुलना अन्यायाची ठरते.

मुंबईकरांनी या प्रश्नाची धग अनुभवलेली आहे. अकरावीच्या प्रवेशासाठी राज्य मंडळ, आयसीएसई आणि सीबीएसई यांचे गुण एका रांगेत कसे लावायचे, हा वाद होता. २००८ मध्ये राज्य शासनाने पर्सेंटाइलचे सूत्र आणले. मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. २००९ मध्ये ९० टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांसाठी राखण्याचा निर्णय झाला. तोही न्यायालयात टिकला नाही. २०१० मध्ये 'बेस्ट ऑफ फाइव्ह', म्हणजे सहांपैकी उत्तम पाच विषयांचे गुण धरण्याची पद्धत आली. उच्च न्यायालयाने ती अमान्य केली, परंतु सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. तीन वर्षांत तीन सूत्रे! त्या जूनमध्ये ज्यांची मुले दहावी झाली, त्या पालकांना रात्र रात्र झोप नव्हती. एका मंडळाचे ८५ आणि दुसऱ्याचे ८५ म्हणजे एकच माल असे मानता येत नाही, आणि त्यांचा विनिमयदर ठरविणे सोपे नाही, हा धडा त्यातून मिळाला.

वही पाहण्याचा हक्क

हिशेब दाखविण्यास नकार देणाऱ्या भागीदाराशी आपण व्यवहार करीत नाही. परीक्षेच्या बाबतीत मात्र छापून आलेला आकडा आपण निमूटपणे स्वीकारतो. वास्तविक तपासणीतही चुका होतात. २००० साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात शाळकरी मुलांच्या गणिताच्या चाचणीत असेच घडले. एका मुलीच्या वडिलांनी प्रश्नपत्रिका प्रत्यक्ष पाहण्याचा आग्रह धरला, तो सोडला नाही. अखेर उघड झाले की तपासणीसाठी वापरलेल्या उत्तरसूचीतच चुका होत्या आणि सुमारे आठ हजार मुलांना चुकून अनुत्तीर्ण ठरविले होते. एका पालकाच्या चिकाटीने आठ हजार घरांना न्याय मिळाला.

आपल्याकडे मार्ग मोकळे आहेत. शिष्यवृत्ती परीक्षेनंतर परिषद आधी अंतरिम उत्तरसूची प्रसिद्ध करते, तीवर आक्षेप मागविते, मग अंतिम सूची ठरविते. अंतरिम निकालानंतर मुदतीत गुणपडताळणीसाठी अर्ज करता येतो. दहावी-बारावीला शुल्क भरून गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन मागता येते. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच्या अधिकारातील 'माहिती' आहे आणि ती पाहण्याचा परीक्षार्थीला हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये दिलेला आहे. आपली मुले या सोयी वापरतात. आपल्या दुकानांत आणि घरांत राबणाऱ्यांच्या मुलांना त्या ठाऊकच नसतात, आणि मुदत टळून जाते.

आकड्याला बक्षीस बांधले की

मोजमापाचा आणखी एक धोका आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात तो मांडला. एखाद्या आकड्यावर जितके अधिक निर्णय अवलंबून ठेवाल, तितका तो आकडा दूषित होण्याची शक्यता वाढते, असे त्यांचे सांगणे होते. अटलांटा शहरात ते खरे ठरले. तेथे चाचणीच्या निकालांवर शाळांची प्रतिष्ठा आणि शिक्षकांची बक्षिसे अवलंबून होती. उत्तरपत्रिकांवर चुकीचा गोल खोडून बरोबर गोल रंगविल्याच्या खुणा अस्वाभाविक प्रमाणात आढळल्या. २०११ मधील राज्य शासनाच्या चौकशीत ४४ शाळांत गैरप्रकार झाल्याचे आणि त्यांत १७८ शिक्षक व मुख्याध्यापक गुंतल्याचे नमूद झाले. २०१५ मध्ये अकरा जणांना न्यायालयाने दोषी ठरविले. ज्या मुलांना वाचता येत नव्हते, त्यांच्या कागदावर 'उत्तम' लिहिले गेले आणि त्यामुळे त्यांना मिळायला हवी ती मदत मिळाली नाही. नुकसान झाले ते मुलांचेच.

म्हणून आपल्याकडील निदानाच्या चाचण्यांचे गुण शाळाशाळांत स्पर्धा लावण्यासाठी कोणी वापरू लागले, तर पालकांनीच सावध व्हावे. ताप कमी दिसावा म्हणून थर्मामीटर थंड पाण्यात बुडविण्यासारखे ते होईल.

आपला गुणगौरव

हे सारे समजल्यानंतर आमच्याच समितीच्या अर्जाकडे पाहिले. त्यात एकच अट होती: ९० टक्के व त्याहून अधिक. मंडळ कोणते, माध्यम कोणते, मुलाला शिकवणी होती की नाही, मागच्या वर्षी तो कोठे होता, यांपैकी काहीही विचारलेले नव्हते. अनेक वर्षे आम्ही एकाच काट्यावर सर्व माल तोलत आलो होतो, तोही बारदानासकट.

बैठकीत विषय काढला. एका ज्येष्ठ सभासदांनी आक्षेप घेतला, "अट सैल केली तर सत्काराला अर्थ काय राहील?" त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, कष्टाने नव्वद टक्के मिळविणाऱ्याचा मान कमी होता कामा नये. म्हणून ती यादी तशीच ठेवली. तिच्या जोडीला अर्जात मागील वर्षाच्या गुणांचा रकाना घातला आणि दुसरी यादी केली, एका वर्षात सर्वांत अधिक अंतर चालून आलेल्या मुलांची. समाजाच्या सभासदांकडे काम करणाऱ्यांची मुलेही त्यात धरण्याचे ठरले. याखेरीज सभागृह रविवारी सकाळी दोन तास रिकामे असते, तेथे शिष्यवृत्तीचा सराव सुरू केला. जुन्या प्रश्नपत्रिका आणल्या. आमच्यातील दोन निवृत्त शिक्षिका शिकवितात.

समाजबांधवांना एवढेच सुचवावेसे वाटते. कोणत्याही मुलाचा निकाल हाती आला की चार प्रश्न विचारावेत. हा कागद कशासाठी आहे, निवडीसाठी, निदानासाठी की निकषासाठी? तुलना कोणाशी केली आहे? यात अंदाजाचे बारदान किती? आणि शंका असल्यास तपासून घेण्याची मुदत केव्हापर्यंत आहे? इंग्रजी कागद ज्यांना वाचता येत नाही, ऑनलाइन अर्ज ज्यांना भरता येत नाही, अशांच्या मुलांसाठी हे प्रश्न आपण विचारावेत. त्याला पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो.

अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोटी वजने-मापे वापरणे सांगितलेले आहे, आणि व्यापारी घरांत ते लहानपणापासून कानांवर पडते. ग्राहकाला कमी तोलून देणे आपण पाप मानतो. मग दुसऱ्याच्या लेकराला कमी तोलताना हात तेवढाच जपून चालवायला हवा.

शिष्यवृत्ती परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला घेण्याचा निर्णय शासनाने केला आहे. त्यामुळे आमच्या सहकाऱ्यांच्या मुलीला पुढची संधी आठवीऐवजी सातवीतच मिळेल. ती दर रविवारी येते. परवा तिने आकृत्यांचे वीस प्रश्न सोडविले, चौदा बरोबर आले. वडिलांनी कागद हातात घेतला आणि मला विचारले, "शेठ, चुकले सहा. म्हणजे दोन वजा. निव्वळ बारा धरायचे ना?"